माझा विरोध नोंदवावा

नगरपरिषदेच्या सभागृहात विरोधी बाकावरच्या सदस्याला एक वाक्य हक्काने उच्चारता येते: "माझा विरोध नोंदवावा." बाकी सारे अध्यक्षांच्या मर्जीवर. बोलायला वेळ मिळेल की नाही, समोरचा माइक चालू राहील की नाही, प्रश्नाला उत्तर येईल की नाही, कशाचीच शाश्वती नसते. मात्र विषयाचे वाचन चालू असताना, 'मंजूर' हा शब्द उमटण्यापूर्वी आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात हे वाक्य उच्चारले, तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावेच लागते. पुढे त्या ठरावाला कुठे आव्हान द्यायचे झाले, तर पाय ठेवायला बहुधा तेवढीच जागा असते. माझ्या अल्पशा राजकीय आयुष्याचा बराचसा भाग हे वाक्य वेळेवर उच्चारण्याच्या खटपटीत गेला.

संपादकांनी वकिलीतले अनुभव मागितले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. जिल्ह्यात माझ्याहून मोठे वकील पुष्कळ आहेत. त्यांना सवड नसावी, म्हणून पाळी माझ्यापर्यंत आली असावी. तेव्हा माझी वकिली आणि माझे राजकारण जिथे एकमेकांत अडकले, तेवढाच भाग सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही आणि माणसांची नावेही बदलली आहेत. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालेली एसटी तिथे पोहोचेपर्यंत वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून होते, एवढा पत्ता पुरे.

मी वकिलीत उशिरा आलो. त्याआधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात होतो. कामगारांना द्यायची आरोपपत्रे शुद्ध आणि निर्दोष भाषेत लिहिणे, हे माझे मुख्य काम. आमच्या घराण्यात निजामाच्या अमलापासून कारकुनी चालत आलेली. वाक्य नीट बांधावे आणि आवाज खाली ठेवावा, हे वळण लहानपणीच लागले होते. कारखाना बंद पडला, तेव्हा माझ्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली, सनद घेतली आणि जिल्हा न्यायालयात जहागीरदार साहेबांच्या हाताखाली उभा राहिलो. माझ्यासोबतचे इतर कनिष्ठ वकील माझ्या पुतण्यांच्या वयाचे होते. नवे पक्षकार मला ज्येष्ठ समजून आधी माझ्यासमोर बसत आणि मी बोलू लागलो की हळूहळू खुर्ची साहेबांच्या टेबलाकडे सरकवत.

जहागीरदार साहेब दिवाणी दाव्यांतले जाणते वकील. त्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे रागावले तरी ऐकत राहावेसे वाटे. माझा पहिला मसुदा वाचून ते म्हणाले, "पंडितजी, मसुदा उम्दा आहे. एक लफ्ज काढता येत नाही. पण तुमचा आवाज कबरस्तानात फातेहा पढणाऱ्याचा आहे. तो जरा जिवंत माणसांत आणा."

तो काही लवकर आला नाही. पिशोरकडच्या एका शेतकऱ्याचा विहिरीच्या पाळीचा दावा मी जवळजवळ सर्वस्वी लेखी युक्तिवादावर जिंकून दिला होता. निकालानंतर गृहस्थ खिन्न चेहऱ्याने न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसलेला दिसला. मी विचारले, "काय झाले? मनाई हुकूम तर आपल्या बाजूने मिळाला."

"ते बरंच झालं, साहेब. पण समोरचा वकील लई वरडला. गावात समदे त्याचंच नाव घेत्यात. पुढल्या टायमाला तुमीबी जरा वरडा की."

"न्यायाधीशांना माझे म्हणणे ऐकू आले होते."

"जजाला आलं हो. भावकीला कुठं आलं?"

तेव्हा मला त्याचे हसू आले. सार्वजनिक जीवनात बहुतेक गोष्टी भावकीला ऐकू जाव्यात म्हणूनच बोलायच्या असतात, हे मला कळायला पुढे नगरपरिषद लागली.

मी निवडणुकीला उभा राहिलो तो केवळ दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. मी ज्या पक्षाचा नुसता सभासद होतो, तो आमच्या गावात वर्षानुवर्षे विरोधात होता. पक्षाचे गटनेते रंगनाथराव हे जमीनदार घराण्यातले, उमदे आणि गोड बोलणारे गृहस्थ. ते एका रविवारी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्या वॉर्डातून तुमचं नाव टाकतोय."

"मला लोकांत बोलता येत नाही, रंगनाथराव."

"बोलायचं काय त्यात? हात जोडायचे. अन् निवडून यायची भीती तर बिलकुल बाळगू नका. तिथून आपला माणूस आजपर्यंत आलेला नाही."

सत्ताधाऱ्यांच्या दोन दमदार उमेदवारांनी एकमेकांची मते खाल्ली आणि मी निवडून आलो. मात्र त्याआधीचा प्रचार आठवला की अजूनही कानशिले तापतात. बसस्थानकाच्या अंगाला नगरपरिषदेच्या मालकीची एक मोकळी जागा होती. झाड नाही, भिंत नाही, नुसती माती. आसपासच्या खेड्यांतल्या बायका तिथे भाजी घेऊन बसत आणि एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या समोरून जाई. मी तिथे हात जोडून उभा राहिलो आणि काय बोलावे ते सुचेना. मेथीच्या ढिगामागून एक बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "अगं, कुणाची मयत हाय का बघ. बिचारे सांगाया आलेत."

या कौसाबाई. माहेर पिशोरचे, नवऱ्यामागे त्या जागेवर भाजी विकून त्यांनी दोन मुली उजवल्या होत्या. मी उमेदवार आहे असे कळल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"रस्ता नको, नळ नको, दिवा नको," त्या म्हणाल्या. "ही जागा हाय तशी ऱ्हाऊ द्या. एवढं करता का? दर इलेक्शनला कोण ना कोण हितं इमारत बांधाया निघतं."

वकील माणूस निकालाची हमी देत नाही. मी म्हणालो, "प्रयत्न करीन."

"प्रयत्न समदेच करत्यात," असे म्हणून त्यांनी मेथीवर पाणी शिंपडले आणि ते थोडे माझ्या धोतरावरही उडाले. धोतर मी त्या प्रचारापुरतेच नेसलो होतो. ती सूचनाही रंगनाथरावांचीच.

आता सभागृहाची एक रीत सांगायला हवी. सभेपूर्वी सदस्यांना विषयपत्रिका येते. तिच्यातल्या विषयांवर तयारी करता येते, वाद घालता येतो. पण पत्रिका संपली की अध्यक्ष 'ऐनवेळचे विषय' पुकारतात. वास्तविक ही सोय पाइप फुटला, साथ आली अशा तातडीच्या कामांसाठी. प्रत्यक्षात, जे विषय उजेडात आणणे गैरसोयीचे असते ते या वेळी निघतात. सभा दुपारपर्यंत लांबलेली असते, शेजारच्या दालनात पंगत मांडलेली असते आणि रश्श्याचा वास सभागृहात पोहोचलेला असतो. लिपिक एका दमात विषय वाचतो, बाके वाजतात, 'मंजूर, मंजूर' होते आणि लगेच राष्ट्रगीत. आमच्या सभेची सांगता राष्ट्रगीताने होत असे.

मी निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी बसस्थानकाजवळची ती जागा अशी ऐनवेळी आली. व्यापारी संकुल बांधण्यासाठी ती दीर्घ मुदतीच्या कराराने एका ठेकेदाराला द्यायची, असा विषय होता. वाचन सुरू होताच मी उभा राहिलो, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. उभा राहिलो आणि थांबलो. न्यायालयात न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगू लागले की वकिलाने मधे तोंड उघडायचे नसते. मजकूर चुकीचा वाटला तरी तो पुरा होऊ द्यायचा, नजर मिळेपर्यंत थांबायचे आणि मग 'परवानगी असेल तर' म्हणून एक वाक्य बोलायचे. तेच वळण माझ्या अंगी मुरले होते. लिपिकाचे वाचन संपण्याची आणि मग अध्यक्षांची नजर माझ्याकडे वळण्याची मी अदबीने वाट पाहत राहिलो. अध्यक्षांची नजर पंगतीकडे होती. बाके वाजली. मी तोंड उघडले, तोच ध्वनिफितीवर राष्ट्रगीत सुरू झाले.

सर्व सदस्य सावधान उभे राहिले. मीही राहिलो. हरकत जिभेवर आणि हात शिवणीला, अशा अवस्थेत राष्ट्रगीत संपेपर्यंत उभा होतो. ते संपले तेव्हा सभाही संपली होती.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर गेलो, तेव्हा बातमी माझ्याआधीच पोहोचली होती. तिथे केळ्यांची गाडी लावणारे नसीमभाई भाजीवाल्या बायकांचे स्वयंनियुक्त प्रवक्ते होते. त्यांनी विचारले, "वकीलसाब, आप खडे थे बोलते?"

"हो, उभा होतो."

"फिर बोले कायकू नै?"

"राष्ट्रगीत सुरू झालं, नसीमभाई."

"हौ, वो तो होताइच है," ते अतिशय समजुतीने म्हणाले. "उनो को मालूम था ना साब, कब बजाना."

कौसाबाई जुड्या बांधत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी मला भाजी घ्या असेही म्हटले नाही. मला वाटते, त्या दिवसापासून ही जागा माझ्या वकिलीतला सर्वांत महत्त्वाचा दावा झाली. वकीलपत्र कोणी दिले नव्हते, एवढाच फरक.

जहागीरदार साहेबांना सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग गंभीर झाले. "पंडितजी, कोर्टात आपण इल्तिजा करतो, म्हणजे विनवणी; ती समोरच्याच्या सवडीने करायची असते. सभागृहात हरकत घ्यायची असते, अन् ती त्याच्या गैरसोयीनेच घ्यावी लागते. आता कायदा काढा."

कायदा माझ्या सवयीचा होता. नगरपरिषदेचा बेकायदा ठराव स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो. सार्वजनिक मालमत्ता देण्यासारखा विषय पत्रिकेवर न घेता ऐनवेळी मंजूर करता येणार नाही, या एकाच मुद्द्यावर मी अर्ज केला. ज्या कामात आवाज लागत नाही त्यात मी बरा आहे. ठरावाला स्थगिती मिळाली आणि ठेकेदाराने जागेवर आणून टाकलेली खडी उचलून नेली. नसीमभाईंनी मला डझनभर केळी दिली. कौसाबाई म्हणाल्या, "ह्यावेळी कागदानं वाचलं. दर वेळी कागद थोडाच येणार हाय?"

ते मलाही ठाऊक होते. मी आमच्या गच्चीवर जाऊन ते वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सराव सुरू केला. आठवडाभराने पत्नी म्हणाली, "शेजारच्या काकू विचारत होत्या, तुमच्याकडे काही वाद चाललाय का? रोज संध्याकाळी भाऊजींचा विरोध ऐकू येतो." मी सराव थांबवला नाही. पुढच्या काही सभांत मी लिपिकाने 'ऐनवेळचा विषय क्रमांक' एवढे म्हणताच उभा राहून ओरडू लागलो. पहिल्या वेळी माझ्याच आवाजाने मी दचकलो. हळूहळू सभागृहाला त्याची सवय झाली, इतकी, की अध्यक्ष स्वतःच म्हणू लागले, "वकीलसाहेबांचा विरोध धरून, मंजूर." साध्या गटारीच्या कामालाही माझा विरोध गृहीत धरला जाऊ लागला, तेव्हा मला उठून 'याला माझा पाठिंबा आहे' असे सांगावे लागे आणि सभागृह खो खो हसे. विरोधी सदस्याच्या कामातला हा धोका बाहेरच्यांना दिसत नाही. सतत विरोध केला की त्याचा पार्श्वसंगीतासारखा उपयोग होऊ लागतो. कशाला विरोध करायचा नाही, हे ठरवण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली. त्यात दवाखान्याच्या औषधांचे आणि दोन रस्त्यांचे विषय मी अडवू शकलो. बाकीचे पुष्कळ निसटले. निसटलेल्यांची आठवण अधिक येते.

मग सत्तांतर झाले. आमच्या वेळी अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडला जाई, त्यामुळे चारदोन माणसे इकडून तिकडे गेली की सत्ता बदलत असे. अशा वेळी काठावरच्या सदस्यांना 'सहलीला' नेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मतदानाच्या दिवसापर्यंत त्यांना दूरच्या एखाद्या हॉटेलात, फोन काढून घेऊन, मजेत ठेवतात आणि मोटारीतून थेट सभागृहाच्या दारात उतरवतात. आमच्या नगरपरिषदेतले जवळजवळ सगळे सदस्य त्या आठवड्यात कोणा ना कोणाच्या सहलीवर होते. मला कोणीही नेले नाही. मी रोजच्याप्रमाणे एसटीने न्यायालयात जात होतो. नगरसेवकाच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की नाही, असे मला अनेकांनी सांगितले; पत्नीलाही थोडे वाईट वाटले असावे. सहल संपली तेव्हा आमचा पक्ष सत्तेत होता आणि मी आयुष्यात प्रथमच सत्ताधारी बाकावर बसलो. ते बाक पंख्याखाली होते.

काही महिन्यांनी रंगनाथराव पुन्हा एका रविवारी घरी आले. या वेळी त्यांनी चहा घेतला नाही. बसस्थानकाजवळच्या जागेचा विषय पुढच्या सभेत येणार होता: तीच जागा, तेच संकुल, ठेकेदार मात्र दुसरा. या वेळी विषय रीतसर पत्रिकेवर होता आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी सोबत पक्षादेश आणला होता. पक्षादेश म्हणजे व्हिप. अमुक विषयाच्या बाजूने मत द्या, असा पक्षाचा लेखी हुकूम. तो मोडला तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे तक्रार होते आणि सदस्यत्व जाते. तो हाती पडू नये म्हणून सदस्य गावाला जातात, आजारी पडतात, मागच्या दाराने निघून जातात. मग तो पंचांसमक्ष दारावर चिकटवतात. मी तो हातात घेतला आणि समन्स घ्यावे तशी पोच दिली.

"तुमची अडचण मला ठाऊक आहे," रंगनाथराव म्हणाले. "पण विचार करा. नगरपरिषदेला उत्पन्न पाहिजे. अन् बायकांना आपण वाऱ्यावर सोडत नाही. पहिल्या मजल्यावर भाजीमंडई करून देऊ. टाइल्स लावून."

"भाजी घ्यायला जिना कोण चढेल, रंगनाथराव? त्यांचं गिऱ्हाईक एसटीतून उतरणारं आहे. त्याच्या हातात पिशव्या असतात."

"चढतील. सवय होईल."

"या ठरावाला मी विरोध केला होता. तो ठराव मी स्थगित करून आणला."

"तो त्यांचा ठराव होता, वकीलसाहेब. हा आपला आहे."

ते हे कपटाने म्हणाले नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोन ठरावांत खरोखर जमीन-अस्मानाचे अंतर होते. जाताना ते उंबऱ्यावर थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा आवाज आता लई वाढलाय. या वेळेला जरा घसा बसू द्या. सभेला येऊ नका, मी सांभाळून घेतो."

परंतु कायदा त्यांच्यापेक्षा मला अधिक माहीत होता. गैरहजर राहणे हादेखील पक्षादेशाचा भंगच असतो. हे मला पक्के ठाऊक असण्याचे कारण असे की, त्याआधीच्या वर्षी पक्षातर्फे मीच असे एक प्रकरण चालवले होते. बहिणीच्या लग्नाचे निमित्त सांगून मतदान चुकवलेल्या एका सदस्याला मी माझ्या सुबक युक्तिवादाने घरी पाठवले होते.

सभेच्या आदल्या दिवशी मी जागेवर गेलो. सल्ला मागायला गेलो नव्हतो, तरी कौसाबाईंनी विचारलेच, "उद्या हात वर करणार का खाली?"

"विरोधात वर करीन."

"अन् मंग तुमाला काढतील म्हणत्यात."

"बहुधा."

त्यांनी थोडा विचार केला. "कोर्टाचं काम ऱ्हातंय ना तुमचं? तेवढ्यावर घर चालतंय?"

"चालतं."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. माझ्या त्यागाची याहून नेमकी चौकशी नंतरही कोणी केली नाही.

सभेत विषय वाचला गेला, तेव्हा मी वाचन संपण्याची वाट पाहिली नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा विरोध नोंदवावा, आणि कारण नोंदवावे." कारण मी थोडक्यात सांगितले: बाजार रस्त्यावर भरतो, माडीवर भरत नाही; आणि जी जागा आपण विरोधात असताना लोकांची होती, ती आपण सत्तेत आल्याने आपली होत नाही. पंख्याखाली बसलेले माझे सहकारी टेबलाकडे पाहत राहिले. मग हात मोजले गेले. समोरच्या बाकावर आता आधीचे सत्ताधारी होते. हाच विषय ज्यांनी प्रथम आणला होता, त्या सर्वांनी विरोधात हात वर केले. त्यांचा विरोध तत्त्वापेक्षा बाकाचा होता. पण मुख्याधिकारी हात मोजतात तेव्हा त्यामागचे कारण मोजत नाहीत. विषय एका मताने पडला. ते मत कोणाचे, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. बाहेर आलो तेव्हा नसीमभाई फाटकापाशी उभे होते. त्यांनी नुसते छातीवर हात ठेवून मान लववली आणि निघून गेले. केळ्यांची गाडी ते तशीच सोडून आले होते.

जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. जहागीरदार साहेबांनी न्यायालयात येणे तोपर्यंत बंद केले होते. पडेगावच्या घरी ते बहुतेक पडूनच असत. मी त्यांना विनंती करायला गेलो.

"तुमचा बचाव काय आहे?" त्यांनी विचारले.

"बचाव नाही."

"मग मी तिथं येऊन काय करू?"

"माझ्या शेजारी उभे राहा."

ते काठी टेकत आले आणि उभे राहिले. पक्षाच्या तरुण वकिलाने नजीर, म्हणजे आधीचा दाखला, म्हणून मीच चालवलेल्या त्या प्रकरणातला निकाल दाखल केला आणि माझाच युक्तिवाद जवळजवळ शब्दशः वाचून दाखवला. त्याचा आवाज चांगला होता. साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मसुदा उम्दा होता हो, पंडितजी." मुदतीच्या उरलेल्या काळापुरते माझे सदस्यत्व गेले. मी पुन्हा रोजच्या एसटीने न्यायालयात जाऊ लागलो.

पुढची निवडणूक आली. या वेळी मला कोणी उभे राहा म्हटले नाही. मी स्वतः अपक्ष म्हणून अर्ज भरला. निवडून यावे, अशी इच्छा मला तेव्हा प्रथम झाली. माझ्याविरुद्ध रंगनाथरावांनी आपल्या पुतण्याला उभे केले होते. धडाडीचा माणूस. संकुलाचा विषय आता पुन्हा आणण्याची कोणाची छाती नव्हती, हे त्याने बरोबर ओळखले आणि निवडणूक जाहीर होण्याआधी काकांकरवी नगरपरिषदेच्या निधीतून त्याच मोकळ्या जागेवर लोखंडी खांब रोवून वर पत्र्यांची शेड उभी करून दिली. मी पडलो. फरक मोठा होता, आणि बसस्थानकाजवळच्या केंद्रावर तर तो सर्वांत मोठा होता.

वकिलाला निकाल वाचता येतो. निकाल लागल्यावर बरेच दिवस मी त्या जागेकडे फिरकलो नाही; एसटीतून उतरल्यावर मागच्या गल्लीने घरी जात असे. मग वैशाखात एका दुपारी न्यायालय लवकर उठले, मागच्या गल्लीत रस्ता खोदलेला होता आणि मला समोरूनच जावे लागले. कौसाबाईंनी लांबूनच हाक मारली.

"वकीलसाहेब! रस्ता बदलला का तुमी? मेथी घ्या की, ताजी हाय."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मतदान गुप्त असते आणि ते विचारू नये, हे मला कलमासह पाठ होते. तरी विचारले, "कौसाबाई, मत कोणाला दिलंत?"

"त्या पोराला दिलं," त्या सरळ म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? आमी समद्यांनी त्यालाच दिलं."

"जागा मी राखली होती."

"व्हय, तुमीच राखली. ते काय मी इसरले नाय. पण जागा तर आधीपासून व्हतीच ना, साहेब? माती व्हती, मातीच ऱ्हायली. इतकी सालं उनात डोक्यावर पदर घेऊन बसले, माझं मलाच ठाव हाय. त्यानं पत्रे टाकले. तुमी टाकले असते का?"

"विरोधी सदस्याला पत्रे टाकण्याचा अधिकार नसतो. निधी सत्ताधाऱ्यांच्या हाती असतो."

"मंग ज्याच्या हातात हाय, त्याला मत नाय द्यायचं तर कुणाला द्यायचं?"

मी उत्तर शोधू लागलो. शेडला तरी जागा कोणामुळे उरली, असे म्हणता आले असते. पुतण्याच्या काकांनी याच जागेचे काय करायचे ठरवले होते, याची आठवणही करून देता आली असती. दोन्ही मुद्दे बिनतोड होते आणि आजही मला ते तसेच वाटतात. मला दुःख झाले होते, हेही खरे. मात्र समोर, पूर्वी जिथे बायका डोळे बारीक करून बसत, तिथे त्या डोक्यावरचा पदर खाली घेऊन सावकाश जुड्या बांधत बसल्या होत्या. नसीमभाईंची गाडी खांबाला लागून उभी होती आणि तिच्यावरची केळी त्या दिवसांतही काळी पडलेली नव्हती.

कौसाबाईंनी पिशवीसाठी हात पुढे केला आणि मग माझ्याकडे नीट पाहिले. घामाने माझा वकिली कोट पाठीला चिकटला होता.

"अन् उनात कशापायी उभे ऱ्हायले, साहेब?" त्या म्हणाल्या. "आत या की."

त्यांनी स्वतःचे पोते थोडे बाजूला ओढले. मी वाकून पत्र्याखाली गेलो. सावली चांगली होती.